इंदूबाईची जीभ

लोक मले विचारतात, तुमची सासू एवढ्या लोकांले निरोगी राहायचं शिकवत होती, मग तुम्ही घरचे रोज काय पिता? आम्ही चहा पितो. बिनादुधाचा, उभ्या उभ्या. खरं उत्तर एवढंच आहे. पण असं सांगितलं की समोरच्याचं तोंड उतरते, म्हणून आताशा मी काहीतरी ठोकून देते. मेथीदाणा म्हणते, तांब्याच्या भांड्यातलं पाणी म्हणते, अन् सुटका करून घेते.

माझी सासू म्हणजे इंदूबाई, मी त्यांले आई म्हणते. वय त्रेसष्ट. आम्ही नागपुरात इंदोऱ्यात राहतो, अन् सदर भागाच्या मागं जो बगीचा आहे त्याच्या फाटकाशी अकरा वर्षं आईची ज्यूसची गाडी होती. आवळा, गाजर-बीट, कडुलिंबाचा पाला, अन् सगळ्यात जास्त लवकी, म्हणजे दुधी भोपळा. वाकिंगवाले पहाटे साडेपाचपासून यायचे, चकरा मारायचे, अन् घाम पुसत गाडीपाशी उभे राहायचे. शुगरवाला शुगरसाठी लवकी प्यायचा, बीपीवाला बीपीसाठी, पोट सुटलेला पोटासाठी. एका लवकीनं बिचारीनं कोणाकोणाचं करावं.

आधी आई त्याच बगीच्यात गवत काढायच्या कामावर होत्या. सासरे, दादाजी, त्यांले शुगर होती. कोण्या वाकिंगवाल्या बाईनं आईले सांगितलं की लवकीचा रस द्या, अन् आईनं चार वर्षं दिला. दादाजी गेले ते गेलेच, पण आईले रस काढायचा हात बसला. दादाजींचे दिवस झाले, अन् महिन्याभरात त्या खुरपं ठेवून फाटकाच्या बाहेर गाडी घेऊन उभ्या राहिल्या. रडायले त्यांनी किती दिवस घेतले ते मले आठवत नाही. घेतले असतील तर कामावरच.

लोक त्यांले डॉक्टरपेक्षा जास्त विचारायचे. झोप नाही लागत, काय करू. पोट साफ नाही होत, काय करू. आई लवकी किसता किसता सांगायच्या. दिवस मावळायच्या आत जेवा. घास बारीक चावा. जेवल्यावर बसू नका, शंभर पावलं चाला. दहाले अंथरूण धरा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी कोमट पाणी घोट घोट प्या, गटागट नाही. अर्धं त्यांच्या आईचं होतं, अर्धं तिथंच उभं राहून ऐकलेलं, पण खोटं त्यात काही नव्हतं. लोकांचे वजनाचे काटे खाली आले, कंबरा कमी झाल्या, ते येऊन सांगायचे बी.

अन् ह्या बाईचं स्वतःचं काय? साडेतीनले उठणं. आंघोळ, बुद्धवंदना, अन् चारले गाडी ढकलत घराबाहेर. नऊ वाजेपर्यंत उभं राहणं. अकराले घरी येऊन शिळी भाकर. दुपारी आवळे निवडणं, पाला धुणं. माझा नवरा अंकुश कळमन्याच्या बाजारात अडत्याकडे कामाले आहे. तो संध्याकाळी लवक्या घेऊन आला की त्या एकेक हाताळून पाहणं, अन् त्यानंतर जेवण. दिवस मावळायच्या आत जेवलेली माझी सासू मी लग्नापासून पाहिली नाही. एकदा मी चिडून म्हटलं बी, की आई, लोकांले सांगता त्यातलं एक तरी करा. त्या म्हणाल्या की लोकांले वेळ आहे, म्हणून तर ते आजारी पडतात.

आता लवकीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. लवकीत एखादी कडू निघते. वरून समजत नाही. तशीच हिरवी, तशीच कोवळी. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो पोटाले चालते. कडू लवकीचा रस मात्र विष आहे. गिलासभर पोटात गेला तर रक्ताच्या उलट्या होतात, माणूस जातेही. म्हणून आई प्रत्येक लवकीचा देठाकडून एक काप घ्यायच्या, बुडाकडून एक काप घ्यायच्या, चावायच्या, थुंकायच्या, अन् डोळे मिटून थोडं थांबायच्या. मग मान हलवायच्या. मान हलली की ती लवकी मशीनमध्ये. जरा गडबड वाटली की नालीत. मशीनचा दांडा मी फिरवला तरी त्यांले चालायचं, पण चाखायले त्या कोणाले हात लावू देत नव्हत्या. दोन जिभा झाल्या की घोळ होते, एकच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अकरा वर्षांत हजारो लवक्या त्या जिभेवरून गेल्या अन् कोणाले साधी मळमळ झाली नाही. त्याचा त्यांले फार अभिमान होता, अन् तो खराच होता.

आणि त्या जिभेवर बाकीचा दिवस काय असायचं? खर्रा.

नागपूरच्या माणसाले खर्रा समजावून सांगा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, सुपारीचा चुरा, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून खसाखसा घोटतात अन् चिमूट चिमूट गालात धरतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्रेमानंदचा पानठेला आहे. आई दिवसाच्या तीन पुड्या त्याच्याकडून न्यायच्या, कमरेच्या बटव्यात ठेवायच्या. खर्रा खाल्ला की भूक मरते अन् झोप मरते, अन् आईले ह्या दोन्ही गोष्टी मेलेल्याच पाहिजे होत्या. गवत काढायच्या दिवसांपासूनची सवय. गाडीवर लागल्या की तीनदा चूळ भरायच्या, बोटानं गाल साफ करायच्या, मगच लवकीले हात लावायच्या. त्यामुळे फाटकावर कोणाले पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी इंदूबाई म्हणजे नुसती लवकी अन् आवळा.

मी बोलायची नाही असं नाही. आमच्या घरी रोज पंचशील म्हणतात, पाचवं शील नशेपासून दूर राहायचं. मी एकदा वंदना झाल्या झाल्याच टोकलं. त्यांनी उदबत्ती नीट खोवली अन् म्हणाल्या की त्यात दारू येते, खर्रा नाही येत. अंकुश हसत सुटला. हसण्यावारी गेलं ते तसंच गेलं.

दोन-अडीच वर्षांआधी त्यांनी तिखट सोडलं. सावजी रश्श्यात भाकर बुडवून खाणारी बाई, अन् मिरचीचा ठेचा पाहिला की ताट सरकवायले लागली. तोंड जळते म्हणायच्या. मग भाकर दुधात कुस्करून खायले लागल्या. संत्र्याची अख्खी फोड तोंडात जाईना, ती अर्धी करून आत सरकवायच्या. मी म्हटलं, वय झालं. भाजीत मीठ कधी दुप्पट, कधी नाहीच. मी म्हटलं, ध्यान नाही. माणूस थकलेलं असलं की प्रत्येक गोष्टीले असं एखादं कारण देऊन मोकळं होते, कारण खरं कारण शोधलं तर त्याचं काहीतरी करा लागते.

मी एका मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करते. सकाळच्या दोनशे, संध्याकाळच्या दोनशे. मार्चमधला एक सोमवार होता. संध्याकाळी घरी आली तर हात वर उचलत नव्हते. चहा मांडला अन् साखरेच्या जागी मिठाच्या डब्यात चमचा घातला. दोन कप भरले, एक आईले दिला, एक मी घेतला. पहिल्याच घोटाले मी मोरीत जाऊन थुंकली. वळून पाहते तर आई पाय लांब करून बसल्या होत्या अन् आरामात चहा पिऊन राहिल्या होत्या. सगळा पिल्या. कप विसळून ठेवला. चांगला झाला म्हणाल्या.

मी तिथंच उभी राहिली. एवढं खारट ज्या जिभेले समजत नाही, तिले कडू काय समजणार? अन् उद्या पहाटे हीच जीभ लवकी पास करणार. तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. नाही बोलली. उद्या बोलू म्हटलं.

काहून नाही बोलली ते सांगते, लपवून काय उपयोग. आईले थांबवलं असतं तर गाडीवर कोण उभं राहिलं असतं? मी. चाखायले कोण? मी. साडेतीनले उठायचं, नऊपर्यंत फाटकावर, तिथून सरळ मेसमध्ये. मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचा हिशोब लावला अन् मले रडूच आलं. मंगळवारी म्हटलं अंकुशले सांगू. बुधवारी तो बारा तास हमालांच्या मागं धावून आला होता. गुरुवारी मीच मेसमधून आल्यावर जेवता जेवता झोपली. असे सहा दिवस गेले. माझी सासू रोज पहाटे चाखत होती, मान हलवत होती, अन् मी घरात तोंडाले कुलूप लावून बसली होती.

सातवा दिवस रविवार. रविवारी मेसचं सकाळचं काम उशिरा असते, म्हणून मी मागून साडेपाचले गाडीवर जाते, गिलास धुवायले. त्या दिवशी आईचं तोंड सुजलेलं दिसलं, बोलायले बी त्रास होऊन राहिला होता. मी विचारलं तर तोंड आलं म्हणाल्या.

पहिलं गिऱ्हाईक नेहमीचं, मार्तंडकाका. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, पांढरे बूट, पांढरी टोपी, घड्याळ लावून चालणारे. सात वर्षांपासून त्यांचं एकच, लवकीत थोडा आवळा, पुदिना, काळं मीठ. मी फाटकाच्या आतल्या नळावर होती. गिलास घेऊन बाहेर आली तेव्हा काका रिकामा गिलास ठेवत होते अन् रुमालानं तोंड पुसत होते. म्हणाले, "इंदूबाई, आज औषध कडक होतं."

मी कापायच्या पाटीवरचा लवकीचा काप उचलला अन् दाताखाली धरला. काय सांगू, जीभ आत ओढली गेली. कडूजहर. मी जार उचलून नालीत पालथा केला. दोन बायकांच्या हातात गिलास होते, ते मी हिसकून घेतले. एकीनं मले चांगलंच सुनावलं, ही काय पद्धत आहे म्हणून. मी मार्तंडकाकांले म्हटलं की तोंडात बोटं घाला, उलटी करा, लवकी कडू आहे. काका हसले. त्यांची आई म्हणे लहानपणी दर रविवारी उपाशीपोटी कडू काढा पाजायची, एका दमात, नाक धरून. कडू जेवढं जास्त तेवढं रक्त साफ. पहिल्या घोटालेच त्यांले कडू लागलं होतं, अन् म्हणूनच त्यांनी थेंब न ठेवता पिलं. साठ वर्षांची ती शिकवण मी दोन मिनिटांत कशी काढणार? ते तिसऱ्या चकरेले निघून गेले.

आईनं तोवर पाटीवरचा दुसरा काप घेतला होता. चावला. थुंकला. डोळे मिटले. पाच-सहा लोक उभे होते. फार वेळ थांबून त्या म्हणाल्या, "मले तर बरी लागते." मले वाटलं धरतीनं पोटात घ्यावं.

पंधरा मिनिटांनी आतून हाका आल्या. काका बाकाशेजारी वाकून ओकत होते. मी अन् एका वाकिंगवाल्यानं त्यांले ऑटोत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत उलटीत रक्ताचे धागे दिसायले लागले होते. बीपी खाली गेलं, सलाइन लागलं, अन् दोन दिवस त्यांले आतल्या खोलीत ठेवलं, जिथं कोणाले जाऊ देत नाही.

आई मागून पायी आल्या. गाडी तशीच टाकून. कॉरिडॉरमध्ये खाली भिंतीले टेकून बसल्या, खुर्ची दिली तरी नाही उठल्या. काकांची बायको यमुताई आल्या, गोऱ्यापान. मले वाटलं आता शिव्या बसतील अन् त्या बसायलेच पाहिजेत. पण त्या बाईंचा सगळा राग नवऱ्यावर होता. हा माणूस चहात साखर कमी पडली तर कप सरकवतो, अन् विषासारखं कडू मात्र औषध म्हणून पितो, असं त्या नर्सले सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, अन् सांगता सांगता त्यांले रडू कोसळलं. आईनं ते सगळं ऐकलं. मग बटव्यातून पुडी काढली अन् चिमूटभर खर्रा गालात धरला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांले तिथंच, लोकांदेखत, नाही नाही ते बोलली. आता तरी लाज ठेवा म्हटलं. त्यांनी मान खाली घातली अन् म्हणाल्या की हे धरलं की तोंड जळायचं थांबते. मग बेसिनपाशी जाऊन थुंकून आल्या. मले माझ्याच बोलण्याची शरम वाटली, कारण खरं तर मी त्यांच्यावर नाही, स्वतःवरच ओरडून राहिली होती.

तिसऱ्या दिवशी काका बाहेर आले. वाचले. त्याच दिवशी मी आईले दातांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण लहानशीच होती, आमच्या होस्टेलच्या पोरींसारखी. तिनं आईले तोंड उघडायले लावलं अन् बोटं उभी धरून मोजलं. तीन बोटं जायले पाहिजेत, आईच्या तोंडात दीडच गेली. आत गाल पांढरे अन् ताठ झाले होते. तिनं एक तुकडा तपासायले पाठवला. नशिबानं त्यात मोठा आजार निघाला नाही, पण खर्रा चालू राहिला तर निघेल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. तोंड थोडंफार मोकळं होईल, व्यायाम करा, गोळ्या घ्या. आईनं एकच विचारलं, चव येईल का. डॉक्टरीण म्हणाली की सांगता येत नाही.

आईनं खर्रा त्या दिवसापासून बंद केला. आज बंद आहे. उद्याचं मी सांगत नाही.

पण पहाटे उठणं बंद नाही झालं. गाडी तिथंच झाडाले साखळीनं बांधलेली होती, अन् आई रोज रिकाम्या हातानं जाऊन तिच्याजवळ उभ्या राहायच्या. लोक विचारायचे, कधी चालू करता, तर त्या साखळी ओढून पाहायच्या. मीच तीन दिवस सुटी टाकली अन् त्यांच्यामागं जाऊ लागली, कारण एकटं सोडायची भीती वाटत होती. काय होईल अशी भीती, ते मले बी नीट सांगता आलं नसतं.

आठव्या दिवशी मार्तंडकाका आले. यमुताईंचा हात धरून, बूट नाही, चप्पल घालून. लोकांनी घेरलं त्यांले. काकांनी सगळ्यांले ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आदल्या दिवशी एका मुंजीत जेवण झालं होतं, तिथलंच काहीतरी बाधलं. इंदूबाईंच्या रसाचा काही संबंध नाही. उद्यापासून गाडी लावा, अन् मनात शंका नको म्हणून सूनबाई चाखतील. लोकांले तेच पाहिजे होतं. अकरा वर्षांची सवय, कोणाले मोडायची नव्हती. हो हो, बरोबर आहे, असं चहूकडून झालं. गिलास हिसकला म्हणून मले सुनावणाऱ्या त्या बाईनं बी मान डोलावली. अन् मग सगळे माझ्याकडे पाहायले लागले.

खरं सांगते, काकांचे पाय धरावेसे वाटले, एवढा मोठेपणा. अन् त्याच वेळी मले आतून धसका बसला. साडेतीन, चार, नऊ, पोळ्या. मी हो म्हणायले तोंड उघडलं. तेवढ्यात आई पुढं आल्या.

"काका खोटं बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "लवकी कडू होती. मीच चाखून दिली. मले दोन वर्षांपासून चव नाही लागत. खर्र्यानं गेली."

मग त्याच गिलासवाल्या बाईनं विचारलं, जरा तोडूनच, की मग दोन वर्षं तुम्ही आम्हाला कशाच्या भरवशावर पाजत होत्या? विचारायचा तिचा हक्क होता.

"मी पित होती आधी," आई म्हणाल्या. "सगळ्या लवक्यांचा थोडा थोडा रस एका गिलासात काढून. तुम्ही यायच्या तासभर आधी. मले काही झालं नाही की मग तुम्हाले. दोनदा उलट्या झाल्या, तेव्हा सगळा माल नालीत टाकला अन् लवकी आली नाही म्हणून सांगितलं. त्या रविवारी तोंड आलं होतं, घोट आत जात नव्हता. नाही पिली. वाटलं, आजचा एक दिवस काय होते."

मी चार वाजता घरातून निघणाऱ्या बाईले किती वेळा बोलली होती, की साडेपाचच्या आधी काळं कुत्रं येत नाही फाटकावर, एवढ्या लवकर जाऊन काय करता. त्या म्हणायच्या, मांडामांड असते. अंधारात, एकटी, विष आहे का नाही ते पोटात घालून ही बाई तिथं घड्याळ पाहत बसायची, अन् मी घरात कूस बदलून झोपायची.

काकांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, सून आहे, ती करेल, असं. आईनं हात वर केला. "ती नाही येणार," म्हणाल्या. "गाडी बंद. तिले झोपू द्या."

कोणी ओरडलं नाही. कोणी समजूतही काढली नाही. दोघं-तिघं तसेच चालू लागले, मग बाकीचे. यमुताईंनी आईच्या हातावर क्षणभर हात ठेवला अन् नवऱ्याले घेऊन गेल्या. आम्ही साखळी सोडली, गाडीवरची ताडपत्री घडी करून ठेवली, अन् इंदोऱ्याच्या रस्त्याले लागलो. उन्हं वर आली होती. एप्रिलचं ऊन सकाळी सातलेच अंगावर येते.

कडबी चौकात सिग्नलले गाडी थांबवली तेव्हा मी म्हटलं की आई, त्या सोमवारी मी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं होतं. मले तेव्हाच समजलं होतं.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू मोरीत थुंकली अन् माझ्याकडे पाहिलं. मी बी तुझ्याकडे पाहिलं होतं, तुले नाही दिसलं. सहा दिवस वाट पाहून राहिली होती वं मी. आज म्हणशील, उद्या म्हणशील, आई, आता नका जाऊ."

मागं हॉर्न वाजायले लागले. मी गाडी पुढं ढकलली. तुम्हीच काहून नाही थांबल्या, असं मी विचारलं, अन् विचारतानाच मले त्याचं उत्तर ठाऊक होतं. त्यांनी खांदे उडवले. स्वतःहून थांबायची त्यांले सवयच नव्हती. खुरपं होतं तेव्हा मुकादम थांब म्हणायचा, घरी दादाजी म्हणायचे. त्यानंतर म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मी होती, ती गप्प बसली.

"मी थकली होती आई," मी म्हटलं. "तुमच्या जागी मले उभं राहा लागलं असतं. म्हणून नाही बोलली."

"मी बी थकली होती," त्या म्हणाल्या.

लग्नाले अठरा वर्षं झाली. ह्या बाईच्या तोंडून हे मी त्याआधी एकदाही ऐकलं नव्हतं. पुढच्या चढावावर गाडी जड जाते, आम्ही दोघींनी मिळून ती वर काढली. घरी पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. मी मेसमध्ये फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, दार आतून लावलं, अन् दोघी भर दिवसा झोपलो.